घरातला डार्ट बोर्ड : घायपाताचा की विजेचा?

ल्यूक लिटलर २०२५ च्या जानेवारीत सतराव्या वर्षी डार्ट्सचा जगज्जेता झाला, तेव्हापासून ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारलाय : घरी बोर्ड लावायचाय, कुठला घेऊ? कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन्ही प्रकार नांदून गेलेत, म्हणून हे लिहितोय. मोजमापाची यंत्रं माझ्याकडे नाहीत, दोन बोर्डांचा संसार तेवढा केलाय.

पहिला इलेक्ट्रॉनिक होता. मुलगी तेव्हा सात वर्षांची, त्यामुळे त्याच्या डार्टच्या प्लॅस्टिकच्या टोकांना घरातून मंजुरी लगेच मिळाली. शिवाय गुण तोच मोजतो. पाहुणे आले की लगेच खेळायला लागतात, नियम कुणाला समजवावे लागत नाहीत. पहिले दोन महिने खरंच मजेत गेले.

मग टोकं मोडायला लागली. मोडली तर मोडोत, पाकिटातलं दुसरं काढून फिरवलं की झालं. पण मोडलेला तुकडा बोर्डाच्या भोकात राहतो. तो आत दाबून बसला की तेवढा कप्पा अडकतो, आणि बोर्ड हटून बसतो : आधी मला मोकळं करा, मग पुढचा गडी. आमच्याकडे हे हमखास विसाच्या कप्प्यात व्हायचं, कारण सगळे तिथेच मारतात. मग दाभण आणायचं, तुकडा आत ढकलायचा. नाही गेला तर बोर्ड उतरवून पालथा घालायचा आणि मागचे सगळे स्क्रू खोलायचे. एका रविवारी मी स्क्रू खोलत होतो ते वरण-भात गार होईपर्यंत. खेळ राहिला बाजूला, मी दुरुस्तीवाला झालो. तुमचे डार्ट सरळ जात असतील तर टोकं कमी मोडतीलही; माझे जात नाहीत.

आवाजही आहेच. पोकळ प्लॅस्टिकवर प्रत्येक फेक 'ठॉक' अशी वाजते, वर त्याची पिपाणी. दुपारी शेजारच्या काकांनी भिंत वाजवली, ती त्यांच्या बाजूने. पिपाणी बंद करता येते, ठॉक बंद होत नाही.

दुसरा बोर्ड घायपाताच्या तंतूंचा, जो स्पर्धांत दिसतो तो. डार्ट आत शिरतो, तंतू बाजूला सरतात, डार्ट काढला की पुन्हा मिटतात. आवाज 'थप्प', उशीवर बुक्की मारल्यासारखा. आकड्यांची कडी सुटी असते, त्यामुळे विसाखालची जागा झिजली की बोर्ड फिरवून कडी पुन्हा जागेवर बसवायची. त्यावर पाणी शिंपडा असं कुणी सांगेल, ऐकू नका. तो उपाय जुन्या लाकडी बोर्डांचा. आणि बाल्कनीत लावू नका, आपल्याकडचा आडवा पाऊस त्याला फुगवून टाकेल.

त्याची खोडी भिंतीशी आहे. पहिल्या आठवड्यात आमच्या नव्या रंगाला भोकं पडली. भोवती रबरी फोमचं कडं लावल्यावर थांबली, तेव्हा ते बोर्डासोबतच घ्या. बोर्ड साधारण पाच किलोचा. नव्या इमारतींच्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधी प्लॅस्टिकची गिट्टी सैल होते, म्हणून आधी प्लायवूडची फळी ठोकली आणि तिच्यावर बोर्ड. भाड्याच्या घरात मालक खिळ्यालाही नाही म्हणत असतील, तर हा मुद्दाच निकाली निघाला. कप्प्यांमधल्या तारेला लागून डार्ट उसळतो, फरशीवर पडून टोक बोथट होतं. खाली जुनी सतरंजी दुहेरी घालायची आणि टोकावर आलेली कंगोरी पॉलिश पेपरने घासायची.

मापात मात्र चूक करू नका. बैलाचा डोळा (बोर्डाचा मधला ठिपका) जमिनीपासून १.७३ मीटरवर आणि उभं राहायची रेघ २.३७ मीटरवर, पण हे अंतर बोर्डाच्या दर्शनी भागापासून. भिंतीपासून मोजलंत तर बोर्डाच्या जाडीएवढे तुम्ही पुढे उभे राहता. दर्शनी भागावरून ओळंबा खाली सोडून तिथून मोजा, नाहीतर बैलाच्या डोळ्यापासून रेघेपर्यंत तिरकी टेप धरा, २.९३ मीटर भरली पाहिजे. प्लॅस्टिकच्या टोकांसाठी रेघ थोडी मागे जाते, २.४४ मीटरवर. आमच्या पॅसेजमध्ये हे सगळं जेमतेम बसतं आणि खेळ चालू असताना बाथरूमला जायचं तर ओरडून सांगावं लागतं.

गुण वहीत मांडावे लागतात, हा घायपाती बोर्डाचा तोटाच म्हणतात. मला नाही वाटत. मुलगी आता अकरा वर्षांची आहे. ती 'एकोणीस त्रिक सत्तावन्न' माझ्याआधी म्हणते आणि खेळ जिथून सुरू होतो त्या ५०१ मधून वजाबाकी करताना माझीच चूक काढते.

तरी घरात अगदी लहान मूल असेल, तर पोलादी टोकं आणा असं मी म्हणणार नाही. इलेक्ट्रॉनिकच घ्या. फक्त त्याच दिवशी एक दाभणही आणून ठेवा.