पॅन्सी की पिटुनिया? इंदूरच्या गच्चीवरचा अनुभव

नोव्हेंबर लागला की नर्सरीत या दोन्ही फुलझाडांची रोपं शेजारीशेजारी मांडलेली दिसतात आणि आपल्या गच्चीवर रिकाम्या कुंड्या असतात मोजक्याच. मी तीन हिवाळे दोन्ही निम्मी-निम्मी लावून पाहिली. चौथ्या वर्षी निवड केली, ती का केली ते सांगतो.

आधी पिटुनियाची बाजू, कारण ती भक्कम आहे. तिला ऊन हवं, आणि ऊन इंदुरात भरपूर. आमच्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो. एखाद वेळी पाणी घालायचं राहिलं तर पिटुनिया संध्याकाळी मान टाकते, पाणी मिळालं की सकाळी पुन्हा उभी. पॅन्सी एवढं सोसत नाही. टांगत्या कुंडीतून ओसंडणारी पिटुनिया तर पाहतच राहावी. शिवाय ती एप्रिलपर्यंत साथ देते. पॅन्सीचं तसं नाही. मार्चमध्ये पारा पस्तिशीकडे सरकला की तिचे देठ लांबतात, फुलं बारीक होतात, आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते तोवर तिचा बहर ओसरायला लागलेला असतो.

म्हणजे हिशेबाने पिटुनियाच घ्यायला हवी. मीही बराच काळ तसंच म्हणत होतो.

अडलं ते धुळीपाशी. आमचं घर रस्त्याला लागून आहे आणि समोर दोन वर्षं खोदकाम चालू होतं. पिटुनियाचं पान बोटांत धरून पाहा, चिकट लागतं. त्यावर बारीक लव असते आणि लवेच्या टोकांना चिकट द्रव. त्यावर धूळ बसली की बसली. जानेवारीपर्यंत माझ्या पिटुनियाची पानं राखाडी झाली होती, त्यात चिलटं अडकून मेलेली. पाण्याचा फवारा मारला तर धुळीचा चिखल होऊन पानावर ओघळ वाळायचे. त्यातच एका रात्री मावठा, म्हणजे हिवाळ्यातला अवकाळी पाऊस, झाला. सकाळी सगळी फुलं भिजल्या कागदासारखी पानांना चिकटलेली. एकेक सोडवताना खालचं पानही हातात येत होतं. हात साबणाने दोनदा धुतले तरी चिकटपणा जाईना. त्याच पावसात पॅन्सीच्या पाकळ्या थोड्या फाटल्या, पण पानं न्हाऊन निघाल्यासारखी हिरवीगार. दोन दिवसांत नवीन कळ्या उमलल्या.

तुमची गच्ची तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असेल, आजूबाजूला झाडी असेल, तर हा त्रास तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. माझ्यासाठी मात्र निकाल तिथेच लागला.

पॅन्सी घ्यायची ठरवलीत तर दोन-तीन गोष्टी सांभाळा. आपली माळव्याची काळी माती नुसती भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि पॅन्सी बुडखातून कुजते. मी एक भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग गांडूळखत घेतो, वर मूठभर निंबोळी पेंड. सुकलेलं फूल देठासकट खुडा. नुसती पाकळी ओढली तर मागे बोंड राहतं, रोप बी धरतं आणि फुलणं मंदावतं. हे काम रोजचं, पण नखाने चट्‌कन होतं, हाताला काही लागत नाही. कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला तर निंबोळी तेल फवारा, संध्याकाळी.

आणखी एक, जे नर्सरीवाले सांगत नाहीत. पॅन्सीची फुलं उन्हाकडे तोंड करतात. पहिल्या वर्षी मी कुंड्या दक्षिणेच्या कठड्यावर ओळीने मांडल्या. फुलं सगळी रस्त्याकडे बघत होती, घरातून आम्हाला नुसत्या पाठी दिसायच्या. आता उत्तरेच्या भिंतीलगत ठेवतो. सकाळी चहा घेऊन बाहेर आलं की सगळे चेहरे समोर.

चेहरे म्हणतो ते त्या काळ्या डागामुळे. दोन पाकळ्या वर, दोन बाजूंना, एक खाली, आणि मध्ये मखमली डाग. हा डाग पूर्वी नव्हता. जुन्या पॅन्सीत मधोमध नुसत्या गडद रेघा असत. १८३९ च्या सुमारास इंग्लंडात विल्यम थॉम्पसन या माळ्याला आपल्या वाफ्यात असं डागाचं फूल पहिल्यांदा सापडलं. नर्सरीत बिनडागाची, एकरंगी रोपंही मिळतात आणि ती लांबून जास्त उठून दिसतात. मी पिवळी, डागाचीच घेतो.

बियांपासून करायची असेल तर सप्टेंबरअखेर पेरा. पॅन्सीचं बी मातीने झाकावं लागतं, अंधारात रुजतं. पिटुनियाचं बी धुळीइतकं बारीक, ते वरच भुरभुरायचं, त्याला उजेड लागतो. तयार रोपं घेणार असाल तर फुललेलं रोप टाळा, कळ्यांचं बुटकं रोप घ्या.

यंदा माझ्या वीस कुंड्यांपैकी सतरा पॅन्सीच्या आहेत. तीन पिटुनियाच्या मागच्या जिन्यापाशी टांगल्या आहेत. तिथे रस्त्याची धूळ पोचत नाही.