लोकानांता, सोलो : आप्पांना पुन्हा जायचंय

आमचे हे इंडोनेशियातल्या सोलो शहराजवळच्या कापड गिरणीत, म्हणून गेली पाच वर्षं आम्ही जावा बेटावर. इचलकरंजीहून सासरे, म्हणजे आप्पा, महिनाभर राहायला आले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "देवळं नंतर. इथली गाणी कुठे मिळतात ते दाखव."

म्हणून लोकानांता. जालान अहमद यानी रस्त्यावरची ही सरकारी रेकॉर्ड कंपनी १९५६ साली निघाली, रेडिओ केंद्रांना तबकड्या पुरवायला. पुढे कॅसेटी आल्या, मग चोरट्या कॅसेटींनी धंदा बसवला. २०२३ मध्ये सगळी वास्तू नव्याने सजवून पुन्हा उघडली. संग्रहालय, स्टुडिओ, खुला रंगमंच, खाण्याची दुकानं, सगळं एका आवारात. जावाच्या पुराणकथांत स्वर्गात आपोआप वाजणाऱ्या गामेलानला, म्हणजे घंटा-झांजांसारख्या धातूच्या वाद्यांच्या इथल्या ताफ्याला, लोकानांता म्हणतात. हे सांगितल्यावर आप्पांनी ते नाव दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

संग्रहालयात आप्पा एका तबकडीपुढे थांबले ते हलेचनात. मधलं गोल लेबल पिवळं पडलेलं, कडेला केसाएवढा ओरखडा. चष्मा कपाळावर सरकवून अगदी काचेला नाक लावून वाचत होते. तिथल्या मुलाने, इथे तरुणाला 'मास' म्हणतात, आम्हाला १९६२ च्या आशियाई खेळांची गोष्ट सांगितली. पाहुण्यांना भेट दिलेल्या इथल्या तबकडीवर 'रासा सायांगे' हे लोकगीत होतं. २००७ मध्ये मलेशियाने ते पर्यटनाच्या जाहिरातीत वापरलं आणि गाणं कुणाचं यावरून वाद पेटला, तेव्हा इंडोनेशियाने हीच तबकडी पुढे केली. मी मराठीत सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "म्हणजे रेकॉर्ड साक्षीला उभी राहिली की!"

जायचं तर दुपारी उशिरा जा, म्हणजे संध्याकाळ तिथेच होते. आम्ही बर्फाचा चहा घेऊन पायऱ्यांवर बसलो होतो. शेजारची कॉलेजची पोरं दिदी केम्पोतची गाणी म्हणायला लागली. हा सोलोचाच गायक, २०२० मध्ये गेला. जावानीज भाषेत विरहाची गाणी गायचा. त्याचे चाहते स्वतःला 'सोबात आंब्यार' म्हणवतात. आंब्यार म्हणजे पार चुरा झालेलं. एका मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तरी ती ठेक्यात टाळ्या वाजवत होती. शब्द एकही न कळता आप्पांनी मांडीवर ताल धरला. मला सगळ्यात आवडलं ते हे. जुन्या फिती जपल्यात त्याच आवारात आजची पोरं गळा मोकळा करून गातात.

दुकानातून एक कॅसेट घेतली. आधी बाजारातल्या एका दुकानातून जुनी घेतली होती, तिच्या फितीला बुरशी निघाली, पैसे पाण्यात. ही अगदी नवी होती. माझ्याकडे प्लेअर नाही, पण आप्पांचा इचलकरंजीला अजून चालू आहे. परवा रात्री त्यांचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही, नुसतं गामेलान वाजत होतं.