बाळ पाळणाघरात की दूध फ्रीजमध्ये? पीएचडी करणाऱ्या आईसाठी

बाळ अंगावर पितंय आणि कोर्सवर्क सुरू झालंय, अशा वेळी दोनच वाटा उरतात. पंपाने दूध काढून घरी ठेवायचं आणि ते आजीने पाजायचं, नाहीतर विभागाजवळच्या पाळणाघरात बाळ ठेवून मधे जाऊन पाजून यायचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनुसार पीएचडीच्या संपूर्ण काळात एकूण २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. ती मिळत असेल तर आधी घ्याच. माझा प्रश्न रजा संपल्यानंतरचा, आणि मी दोन्ही करून पाहिलंय. माझा कौल पाळणाघराला.

पंपाच्या बाजूने बरंच बोलता येईल. बाळ घरच्या माणसांत राहतं, सर्दी-खोकला कमी आणतं आणि गाईडची मीटिंग लांबली तरी पोटात गोळा येत नाही. काढलेलं दूध फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. बाहेर २५ अंशांपर्यंत चार तास, पण पुण्यात एप्रिलमध्ये २५ अंश कुठले? बर्फाची पिशवी बरोबर हवीच. आमच्या बाळाने बाटली साफ नाकारली, मग सासूबाईंनी वाटी-चमच्याने पाजलं. आधी जरा सांडलं, पण जमलं.

मला वात आणला तो धुण्याने. दूध काढायला वेळ लागतो हे सगळ्या सांगतात, धुण्याचं कुणी बोलत नाही. विभागातल्या बेसिनवर चहाचे कप पडलेले, शेजारी प्यून उभा आणि आपण पंपाचं फनेल, बाटली, झाकण आणि ती नखाएवढी पांढरी व्हॉल्व्ह धुतोय. व्हॉल्व्ह निसटली की थेट जाळीत. तिला बारीकशी चीर गेली तर मोटर घरघरते, पण दूध येत नाही आणि दोष आपल्या अंगाचा वाटू लागतो. घरी आल्यावर तेच सगळं पुन्हा पातेल्यात उकळायचं. काहीजणी न धुताच पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवतात. तान्ह्या बाळाच्या बाबतीत माझं धाडस झालं नाही. तुमच्या विभागात कडी लागणारी, स्वतःचं बेसिन असलेली खोली असेल तर कदाचित तुमचं मत वेगळं होईल.

पाळणाघराची दुखणी वेगळी. पैसे जातात आणि पहिल्या पावसाळ्यात घरभर सर्दी फिरते. धावत पोचावं तर बाळ गाढ झोपलेलं, अन् इकडे छाती दगडासारखी! सहा महिन्यांच्या आतलं बाळ पुष्कळ ठिकाणी घेतही नाहीत. पण बाळ जागं असलं की पाजणं पटकन आटोपतं आणि नंतर धुवायला काही नसतं. मोबाईलवर एखादा रिसर्च पेपर अर्धा वाचून होतो. मला तरी दुपारनंतर डोकं ताळ्यावर राहिलं ते यामुळेच.

जागा बघताना फीपेक्षा आधी एकच विचारा: मधे येऊन पाजू द्याल का? काही ताई स्पष्ट सांगतात, ‘येऊ नका, बाकीची मुलं रडतात.’ तिथे थांबू नका. अंतर पायी जाण्याइतकंच असावं, रिक्षाच्या भरवशावर राहिलात तर लेक्चर हुकलंच. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, असं मातृत्व लाभाचा कायदा २०१७ च्या दुरुस्तीपासून सांगत आलाय. विद्यार्थिनी कर्मचाऱ्यांत मोडत नाही, त्यामुळे हक्क सांगता येत नाही. तरी कर्मचाऱ्यांसाठी पाळणाघर असेल तर अर्ज करून बघायला हरकत नाही.

लोकलने दोन तास येणारीला किंवा दिवसभर दप्तरखान्यात बसणारीला मात्र पंपच सोयीचा, तिथे माझा आग्रह नाही. सहा महिन्यांनंतर नाचणीसत्त्व, मऊ भात सुरू झाला की एखादं पाजणं टळतंही. पंप घ्यायच्या आधी हाताने दूध काढायला मात्र एखाद्या अनुभवी नर्सकडून शिकून घ्या. त्याला एक स्टीलची वाटी पुरते.