जागतिक बँकेची ‘आंतरराष्ट्रीय कर्ज आकडेवारी’: धनकोंचा माग देणारी मोलाची सेवा

एखाद्या देशावर किती परकीय कर्ज आहे, यापेक्षा ते कोणाचे आहे हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधणाऱ्या वाचकाला जागतिक बँकेची ‘आंतरराष्ट्रीय कर्ज आकडेवारी’ ही विनामूल्य ऑनलाइन सेवा मी आवर्जून सुचवेन. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या सुमारे १२० देशांची माहिती तीत आहे. कर्जदार देशांनी आपल्या कर्जांचा तपशील बँकेला कळवण्याची १९५१ पासून चालत आलेली व्यवस्था हा तिचा पाया आहे.

२०२० मध्ये धनको देशांनुसार तपशील खुला झाला आणि या सेवेचे मोल खऱ्या अर्थाने वाढले. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जफेड थांबवली तेव्हा चर्चा बव्हंशी चीनभोवती फिरत होती. परंतु येथील रकाने उघडले, की चीन, जपान, भारत आणि आशियाई विकास बँक यांच्यासोबत आंतरराष्ट्रीय बाजारातील रोखेधारकही (देशाचे कर्जरोखे विकत घेतलेले गुंतवणूकदार) दिसतात, आणि त्यांचा वाटा चीनपेक्षा मोठा होता हेही कळते. पुढच्या कर्जपुनर्रचनेतील, म्हणजे कर्जफेडीच्या अटी नव्याने ठरवण्यातील, गुंतागुंतही त्यामुळे समजते. भारत, जपान आणि फ्रान्स यांच्या सहअध्यक्षतेखालील धनको देशांची समिती, चीनची सरकारी निर्यात-आयात बँक (एक्झिम बँक) आणि रोखेधारक यांच्याशी वेगवेगळ्या वाटाघाटी झाल्या, कारण दुसरा धनको आपल्याइतकाच भार उचलणार की नाही, याची खात्री प्रत्येकाला हवी होती. देणेकरी आणि घेणेकरी एकमेकांत किती अडकलेले असतात, हे मला या तक्त्यांनी जितके स्पष्ट दाखवले तितके कोणत्याही लेखाने दाखवले नाही.

एकूण चित्र गंभीर आहे. २०२३ मध्ये अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांनी परकीय कर्जाच्या फेडीवर विक्रमी १.४ लाख कोटी डॉलर खर्च केले आणि त्यातील सुमारे ४०,६०० कोटी डॉलर केवळ व्याजाचे होते.

उणिवाही लहान नाहीत. रोखेधारक कोणत्या देशातले आहेत हे येथे कळत नाही आणि सरकारने जे लपवले ते तक्त्यातही येत नाही. मोझांबिकने हमी दिलेली शंभर कोटी डॉलरहून अधिक कर्जे दडवून ठेवली होती, हे २०१६ मध्ये उघड झाले, तेव्हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या देशाचे अर्थसाहाय्य थांबवले. आकडे उशिराही येतात. डिसेंबर २०२४ च्या आवृत्तीतील माहिती २०२३ अखेरपर्यंतचीच आहे.

श्रीमंत देश या सेवेत नाहीत, ही उणीव मला सर्वाधिक खटकते. अमेरिकेचे सरकारी रोखे जपानकडे आणि चीनकडे किती आहेत, हे पाहण्यासाठी अमेरिकी अर्थखात्याचा मासिक तक्ता उघडावा लागतो. तोही सावधपणे वाचावा, कारण बेल्जियम किंवा लक्झेंबर्गच्या नावावर दिसणाऱ्या रोख्यांपैकी अनेक तेथे केवळ सांभाळायला ठेवलेले असतात आणि त्यांचे खरे मालक दुसऱ्याच देशांत असतात.