स्पीड बॅगचा वॉल माउंट सेट: फ्लॅटमध्ये लावणार असाल तर आधी हे वाचा

स्पीड बॅग म्हणजे बॉक्सिंगच्या सरावाची, बोर्डाखाली टांगून ठोसे मारायची छोटी हवा भरलेली बॅग. रेटिंग द्यायचं तर बॅगला पाचपैकी चार, ती ज्याला टांगतात त्या फिरत्या जोडाला, म्हणजे स्विव्हलला, दोन आणि भिंतीवरच्या स्टँडला, जसा खोक्यातून निघतो तसा, फक्त एक, कारण त्याचा हादरा थेट शेजाऱ्यांपर्यंत जातो. पण याच स्टँडवर थोडे पैसे आणि एखादा रविवार घातला तर तो चारवर जातो, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

सेट म्हणजे ऑनलाइन सगळीकडे दिसतो तोच प्रकार, मेरठचा माल, 24 इंची गोल बोर्ड, चौकोनी पाइपची लोखंडी चौकट, उंची खालीवर करायला पाइपात पाइप आणि मध्ये पिन, सोबत स्विव्हल आणि 9 बाय 6 इंचाची लेदर बॅग. नाव टाकत नाही कारण असाच सांगाडा बऱ्याच नावांनी मिळतो आणि दुखणं सगळ्यांचं सारखंच आहे. बॅगबद्दल तक्रार नाही, शिलाई चांगली आहे, हवा आठवडाभर टिकते, आकार एकसारखा आहे त्यामुळे वाकडीतिकडी फिरत नाही.

आता मुद्द्याचं. आमची बिल्डिंग मुलुंडला, मी चौथ्या मजल्यावर, स्टँड हॉलमधल्या आरसीसी कॉलमवर. खालच्या काकू एकदा लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, तुझ्या बॅगचा आवाज फारसा येत नाही, पण आमच्या शोकेसच्या काचा थरथरतात बघ, आणि कपबशा किणकिणतात." मला वाटतं या विषयात यापेक्षा नेमकं कोणी बोललेलं नाही. कारण आवाज दोन वाटांनी जातो, एक हवेतून, जो आपल्याला खोलीत फटफट ऐकू येतो, आणि दुसरा भिंतीतून, स्लॅबमधून, जो शेजाऱ्यांना छळतो. तंबोऱ्याच्या तारेला भोपळा मिळाला की जे होतं तेच बोर्डाला अख्खी बिल्डिंग मिळाली की होतं. त्यामुळे दारं-खिडक्या बंद करून, पडदे लावून, भिंतीला फोम चिकटवून खालच्या मजल्यावर काडीचा फरक पडत नाही, फोम फक्त आपल्या खोलीतला घुमारा कमी करतो.

बेसिक लयीत एका ठोशामागे बॅग बोर्डाला तीनदा लागते, पलीकडे, आपल्याकडे, परत पलीकडे, मग पुढचा ठोसा. म्हणजे सेकंदाला दोन ठोसे धरले तरी सहा टोले, आणि ते सलग दहा-पंधरा मिनिटं. बोर्ड हलका असला की प्रत्येक टोल्याला तोच उसळतो आणि तो धक्का चौकटीतून बोल्टात, बोल्टातून कॉलममध्ये. सेटमधला बोर्ड 18 मिलिमीटरचा एमडीएफ, वजन जेमतेम चार किलो, त्याला काय धरून ठेवणार? म्हणून सगळ्यात आधी तो काढला. सुताराकडून 19 मिलिमीटरच्या मरीन प्लायचे दोन गोल कापून घेतले, मध्ये फेविकॉल, वरून स्क्रू, रात्रभर दाबून ठेवले, 38 मिलिमीटर जाडी आणि आठ किलोच्या आसपास वजन झालं. चौकटीला घट्ट कसला, इथे मधे रबर वगैरे काही घालायचं नाही. वरून जाड कापडाच्या पिशवीत पाचेक किलो कोरडी वाळू भरून पट्ट्याने आवळून ठेवली, वाळूचे कण एकमेकांवर घासून कंप खाऊन टाकतात, नुसतं लोखंडी वजन ठेवलं तर ते स्वतःच खडखडतं. एवढ्यानेच बॅगचा रिबाउंड, म्हणजे आपटून परत येणं, इतका स्वच्छ झाला की लय आपोआप धरली जाते, आणि हे आवाजाइतकंच महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे.

काही लोक बोर्डाच्या खालच्या बाजूला, जिथे बॅग लागते तिथे, रबर शीट किंवा योगा मॅट चिकटवायला सांगतात. कृपया नको. आवाज कमी होतो पण बॅग मेल्यासारखी परत येते, हाताची सवय बिघडते, आणि स्पीड बॅग ज्यासाठी घेतो तो टायमिंगचा सरावच राहत नाही. मऊपणा आणायचाच असेल तर बॅगमधली हवा थोडी कमी करा, अंगठ्याने दाबल्यावर किंचित आत जाईल इतकी, वेग उतरतो, टोला बोथट होतो, नवशिक्यांना तर तेच सोयीचं. नाहीतर 8 बाय 5 ची हलकी बॅग घ्या, धक्का कमी बसतो, पण ती जास्त चपळ असते त्यामुळे हात बसलेला हवा.

दुसरं काम, जे मला सगळ्यात जास्त आवडलं, ते भिंतीच्या जोडाचं. चौकटीची पट्टी थेट काँक्रीटला टेकलेली आणि बोल्ट थेट पट्टीला टेकलेला, म्हणजे धक्क्याला मोकळा रस्ता. मस्जिद बंदर स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेले, तिथे रबरच्या दुकानात शीट किलोवर मिळते, 10 मिलिमीटरची निओप्रीन रबरची घेतली, दुकानदाराला सांगायचं शोअर (रबरच्या कडकपणाचं माप) 40 ते 50 च्या मधली, नखाने दाबली तर खूण उमटून परत जाते अशी. टायरसारखं कडक रबर इथे निरुपयोगी आहे आणि ईव्हीए फोम दोन महिन्यांत चपटा होतो. पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये एक तुकडा, पट्टी आणि वॉशरमध्ये दुसरा तुकडा, आणि खरी गंमत पुढे आहे, पट्टीचं भोक मोठं करून त्यात नायलॉनची बुश, म्हणजे बोल्टाभोवती बसणारी छोटी नळी, घातली, म्हणजे बोल्ट लोखंडाला कुठेच शिवत नाही. बुश वगळली तर दोन्हीकडचं रबर वाया, कारण तो एक बोल्ट पुलासारखा सगळं पलीकडे पोचवतो. वॉशर मोठा घ्या, नट नायलॉक, म्हणजे हादऱ्याने सैल न होणारा, घ्या, आणि रबर थोडं फुगेल इतकंच आवळा, जीव खाऊन आवळलं तर रबर दगड होतं.

मशीनखाली लावतात ते स्टडवाले गोल बॉबिन माउंटही तिथेच मिळतात, ते दाबात चांगले, पण लटकवून ओढात वापरू नका, रबर धातूपासून सुटू शकतं आणि बोर्ड डोक्यावर येईल. माझ्या पद्धतीत रबर गेलं तरी बोल्ट आणि वॉशर स्टँडला धरून ठेवतात, म्हणून ती मला जास्त भरवशाची वाटते.

भिंतीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. नव्या बिल्डिंगमध्ये बहुतेक भिंती एएसी ब्लॉकच्या, लोक ज्याला सिपोरेक्स म्हणतात त्या असतात, त्यात साधे फास्टनर अशा सततच्या हादऱ्याने सैल होऊन बाहेर येतात. चार इंची विटेच्या भिंतीचंही तेच, शिवाय ती स्वतःच पडद्यासारखी थरथरते आणि पलीकडे शेजाऱ्यांची बेडरूम असते. कॉलम किंवा बीमच बघा, तो जड असतो त्यामुळे सहज हलत नाही. ड्रिल करताना सळई लागली तर भोक दोन इंच बाजूला घ्या, सळई कापायची नाही, आणि सोसायटीला आधी विचारा. भाड्याच्या घरात असाल तर जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्या, त्याच्या पायांवर वाळूच्या गोण्या आणि खाली 20 मिलिमीटरच्या जिमच्या रबर टाइल्स.

उरला तो खडखडाट. पाइपात पाइप असलेल्या ठिकाणी दोन मिलिमीटरची फट होती, तिथून पत्र्यासारखा आवाज यायचा. सायकलची जुनी ट्यूब कापून त्या फटीत घट्ट कोंबली, बंद झाला. घरात खेळणारं एकच माणूस असेल तर उंची ठरवून, म्हणजे बॅगचं पोट हनुवटीच्या रेषेत ठेवून, तिथे आरपार बोल्टच टाका. सेटमधलं स्विव्हल साखळी आणि एस हुकवालं आहे, ते किणकिण करतं आणि बॅग अडखळते. धोबी तलावला स्पोर्ट्सच्या दुकानांत बॉल हुकवालं मिळालं, एक थेंब शिलाई मशीनचं तेल टाकते, आता आवाज शून्य.

फरक खरंच पडला का हे कानाने ठरवू नका, आपल्या खोलीत फार बदल जाणवत नाही. फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखन विद्यापीठाचं, फोनमधल्या अ‍ॅक्सिलरोमीटरचं, म्हणजे हादरे टिपणाऱ्या सेन्सरचं, मोजमाप त्यात दिसतं. फोन कॉलमला दुहेरी टेपने चिकटवला आणि आधी-नंतरचे आलेख बघितले, आधीचे सुळके नंतर अर्ध्याहूनही खाली आलेले. त्यानंतर काकूंकडे चहाला गेले आणि आईला वर बॅग मारायला सांगितलं, शोकेस गप्प होतं, काकू म्हणाल्या, "मारतेय का ती? सांग तिला जोरात मार."

खर्चाचा हिशोब असा की प्लाय, सुतार, रबर, बुशा आणि नवं स्विव्हल मिळून सेटच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास गेले. महाग वाटलं तर आधी बोल्टांचं रबर आणि बुश करा, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त गुण त्याचाच येतो, बोर्ड नंतर बदला. हवेतला फटफट आवाज मात्र यातल्या कशानेच जात नाही, त्यामुळे रात्री दहानंतर मी बॅगला हात लावत नाही. पावसाळा संपला की रबर आणि नट एकदा तपासून घ्या, आमच्याकडे एका वॉशरला गंज धरला होता तो बदलून स्टेनलेसचा टाकला.