'मोठं नोझल' बसवून पॉवर वाढवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

ऊसाचा हंगाम तोंडावर आला की निपाणी, चिकोडी, रायबाग, संकेश्वर भागातल्या ट्रकमालकांच्या कानावर एक बोलणं हमखास पडतं. "मालक, गाडी ओढत नाही म्हणता नव्हं? नोझल मोठं बसवून देतो. तवंदी घाट भरल्या गाडीनं कसा चढतोय बघा." सहा सिलिंडरच्या एका दहाचाकी गाडीचं काम असंच झालं आणि ऐन हंगामात इंजिन खोलायची पाळी आली. खोलल्यावर काय निघालं ते इथं सविस्तर लिहिलं आहे. काम करणाऱ्याचं नाव देत नाही. फसवण्याची रीत कळली की ती कुठंही ओळखता येते.

मालकाला सांगितलेलं काम असं होतं: मोठ्या भोकाचे सहा नवे इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग; नोझल म्हणजे त्यांचं भोकं असलेलं टोक), वर 'प्रोग्रॅमिंग', आणि तोंडी सहा महिन्यांची गॅरंटी. बिल साध्या कागदावर. त्यावर जीएसटी नंबर नाही, इंजेक्टरचे सीरियल नंबर नाहीत. जुने इंजेक्टर मालकाला परत दिले नाहीत. इथंच थांबायला हवं होतं.

गाडीत बसलेले सहाही इंजेक्टर जुनेच होते. घासून, धुऊन, काळा रंग मारून बसवलेले. बॉडीवरचा नंबर घासून त्यावर नवा कोरला होता. आणखी एक पुरावा स्कॅनरवर मिळाला. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच जादा दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या पद्धतीच्या) प्रत्येक इंजेक्टरवर कारखान्यातून अक्षर-अंकांचा एक कोड येतो. तो इंजेक्टर किती कमी-जास्त डिझेल सोडतो याची ती नोंद असते, आणि इंजेक्टर बदलला की नवा कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. या गाडीच्या ईसीयूत सहाही कोड पूर्वीच्या सर्व्हिसच्या नोंदीतलेच निघाले. म्हणजे 'प्रोग्रॅमिंग'ला कुणी हातही लावला नव्हता.

मग गाडीला पिकअप कसा आला? कारण तो थोडा आला होता, हे खरं आहे.

नोझलच्या टिपांची भोकं वाढवली होती. "उद्यमबागेतून (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतून) करून आणली" असं मालकाला सांगितलं होतं. बेळगावात चांगलं मशिनिंग करणारी माणसं आहेत, म्हणून हे वाक्य सहज पटतं. पण नोझलचं भोक साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटरचं असतं. कारखान्यात ते विजेच्या ठिणगीनं पाडतात आणि मग घर्षक द्रव जोरानं सोडून आतली कड गोल करतात. सुईनं किंवा बारीक ड्रिलनं ते मोठं केलं, तर एका टिपेतलीसुद्धा सगळी भोकं सारखी होत नाहीत. भिंगाखाली या टिपांमध्ये तेच दिसलं: काही भोकं लंबगोल, काहींच्या कडा फाटलेल्या.

आता हिशेब बघा. 0.15 चं भोक 0.17 केलं की दिसायला फरक दोन शतांश मिलिमीटरचा, पण क्षेत्रफळ जवळपास 28 टक्के वाढतं. कॉमन रेलमध्ये लोडवर दीड हजार बारच्या आसपास जाणाऱ्या दाबाचं डिझेल इंजेक्टरच्या तोंडाशी कायम उभं असतं. ईसीयूनं करंट दिला की वरचा छोटा व्हॉल्व्ह उघडतो, सुईवरचा दाब उतरतो, सुई उचलली जाते आणि डिझेल फवारतं. करंट तोडला की सुई बसते. किती डिझेल जाणार हे दाब, वेळ आणि भोकाचं क्षेत्रफळ या तिघांवर ठरतं. भोक वाढल्याचं ईसीयूला कळत नाही, तो पूर्वीइतकाच वेळ सुई उघडी ठेवतो. डिझेल जास्त पडतं.

हवा मात्र तेवढीच राहते, कारण हवा दाबून भरणारा टर्बो तोच आहे. एक किलो डिझेल पुरतं जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर होऊ नये म्हणून इंजिनाला त्याहून बरीच जास्त हवा मिळेल असं ठरवलेलं असतं. ती शिल्लक संपली की पुढचं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. फसवणारा हाच काळा धूर मालकाला दाखवतो आणि म्हणतो, "बघा, ताकद आली." तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. शिवाय ट्रायल रिकाम्या गाडीची, सपाट हायवेवर. तिथं कुठलीही गाडी पळते.

जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्यांत तर ही फसवणूक आणखी सरळ असते. तिथं प्रत्येक फेऱ्याला किती डिझेल जायचं हे पंपातला दट्ट्या (प्लंजर) ठरवतो. नोझलचं भोक वाढवलं तर तेवढंच डिझेल कमी वेळात जातं, जास्त जात नाही. म्हणजे पैसे नोझलचे घेतात आणि प्रत्यक्षात फक्त पंपाचा फुल-लोड स्क्रू (जास्तीत जास्त डिझेल किती जायचं ते ठरवणारा) फिरवतात. पंपाचं सील तुटलेलं दिसलं तर हेच झालं आहे असं समजा.

या गाडीत आणखी एक वस्तू सापडली. रेल प्रेशर सेन्सरच्या वायरिंगमध्ये टेप गुंडाळून लपवलेली डबी. आत एक-दोन रेझिस्टर. ती सेन्सरचा सिग्नल खाली ओढते, दाब कमी आहे असं ईसीयूला वाटतं, आणि तो दाब वाढवतो. पंप, रेल आणि इंजेक्टर तिन्ही ठरलेल्या दाबाच्या वर चालत राहतात. चढावर कधी जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि गाडी अचानक दम सोडते.

पिस्टन फुटला तो तिसऱ्या सिलिंडरचा, आणि त्याला कारण झाला तांब्याचा एक वायसर. जुना वायसर हेडच्या खाचेत चिकटून राहिला होता, तो न काढताच त्यावर दुसरा बसवला. नोझल एका वायसरच्या जाडीएवढं वर राहिलं. फवारा पिस्टनच्या वाटीत पडायच्या ऐवजी काठावर आणि लायनरवर पडू लागला. लायनरवरचं ऑइल धुऊन निघालं, काठ तापला. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. पिस्टन त्याच्या खूप खाली राहतो तो ऑइलच्या आणि बाकीच्या गारव्यामुळं. इथं वाकड्या भोकाची धार एकाच जागी लागत होती, तिथंच तो जळून आरपार गेला. इशारा आधीच मिळाला होता: डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढत होती आणि ऑइलला डिझेलचा वास येत होता. ऑइल वाढलेलं दिसलं तर गाडी पुढं एक किलोमीटरही नेऊ नका.

गाडी ओढत नसेल तर नोझलच्या आधी एअर फिल्टर, इंटरकूलरचे होज, डिझेल फिल्टर, क्लच आणि ब्रेक जाम आहेत का, हे बघा. फाटलेला होज हवा सोडतो आणि दोष विनाकारण इंजेक्टरवर येतो. इंजेक्टरवरच संशय असेल तर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) सहाही रिटर्न पाइप (इंजेक्टरमधलं उरलेलं डिझेल परत नेणारे) सहा सारख्या बाटल्यांत सोडा. ज्याची बाटली बाकीच्यांहून खूप लवकर भरते, तो आतून झिजला आहे. सुई आणि तिची बॉडी यांच्यात दोन-चार मायक्रॉनचीच फट असते. ती एकदा वाढली की धुऊन काही होत नाही.

काम करायचंच ठरलं तर काढण्याआधी प्रत्येक इंजेक्टरच्या नंबरचा फोटो घ्या. बेंचवरचा (इंजेक्टर तपासायच्या मशीनवरचा) छापील रिपोर्ट दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा, दोन्ही मागा. त्यात फुल लोड, मधला लोड, आयडल, पायलट (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा) आणि रिटर्न, सगळे आकडे नंबरासकट हवेत. नवे वायसर तुमच्यासमोर बसवायला सांगा, खाच टॉर्चनं बघा. जुना माल परत घ्या. बिल कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल, तर ओळखीच्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. ट्रायल भरल्या गाडीची, घाटात.

नोंदणीत नसलेला बदल गाडीत करायला मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आडवं येतं, आणि धुराचा दंड मालकालाच भरावा लागतो.

फसला असाल तर रागाच्या भरात इंजेक्टर दुसरीकडं उघडायला देऊ नका. आधी स्कॅनरच्या पडद्याचे, डबीचे आणि वायरिंगचे फोटो काढा. इंजेक्टर काढताना व्हिडिओ करा आणि वायसरसकट वेगवेगळ्या पिशव्यांत सिलिंडरचा आकडा घालून ठेवा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणाऱ्याला जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. 1915 या हेल्पलाइनवर आधी विचारून घ्या. पैसे ऑनलाइन दिले असतील तर त्याची नोंद आजच छापून ठेवा, कारण साध्या कागदावरच्या बिलापेक्षा तीच जास्त कामाला येते.