इंजिनच्या खालच्या भागाचं काम करायचं की जुनं इंजिन बसवायचं?

दोन लाख किलोमीटर झालेली गाडी. मे महिन्यात वर्धा रोडला सिग्नलवर थांबलो की ऑइलचा दिवा लुकलुके, रेस दिली की खालून ठकठक. मेकॅनिक म्हणे, "भाऊ, भंगारातलं इंजिन टाकून देतो, दोन दिवसांचं काम." स्वस्त खरं, पण त्याच्या बेअरिंगची हालत कोणी पाहिली? वरून इंजिन नंबर बदलला की आरसीत नोंद आलीच.

मी क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, उतरवायला लावला. जर्नलवर, म्हणजे दांड्याच्या बेअरिंग बसते त्या गोल भागावर, नख फिरवलं तर चक्क चऱ्यांत अडकत होतं! ग्राइंडिंग करून ०.२५ मिमी अंडरसाइझ, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा बारीक, त्याच मापाच्या नव्या बेअरिंग, सोबत ऑइल पंप. आठवडा गेला, पैसेही जास्त. ब्लॉकच, म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडाच, तडकलेला असता, तर मात्र मीही भंगाराकडेच वळलो असतो बाप्पा.